सूचक, अनुमोदक आणि संगणक

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या पन्नासाव्या वर्षी या व्यासपीठावरून बोलण्याचा मान मला दिलात, याबद्दल मी कार्यकारिणीचा ऋणी आहे. मी संगणकशास्त्राचा अभ्यासक नव्हे. आयुष्यभर हिशेबाच्या वह्या तपासल्या आणि निवृत्तीनंतर मंडळाचे दप्तर सांभाळले, एवढीच माझी पात्रता. तथापि दप्तर सांभाळताना जो एक अनुभव आला, त्यातून सुचलेले काही विचार आपल्यापुढे ठेवण्यासाठी मी उभा आहे.

आपल्या घटनेतील एक शब्द बदलायचा झाला तरी सर्वसाधारण सभेची नोटीस काढावी लागते, सूचक लागतो, अनुमोदक लागतो, आणि एवढे होऊनही कोणीतरी हरकतीचा मुद्दा काढतोच. या सोपस्काराला आपण सारेच कंटाळतो. परंतु त्याच्यामागे एक तत्त्व आहे. जे ज्याचे आहे, ते त्याला विचारल्यावाचून बदलू नये. कार्यालयातील संगणकाला मात्र हे तत्त्व ठाऊक नाही. संध्याकाळी आपण कुलूप लावून घरी जावे आणि सकाळी येऊन पाहावे, तो पडद्याची मांडणी बदललेली, न मागितलेल्या बातम्या आणि जाहिराती समोर हजर, आणि रोजच्या सवयीची खूण भलत्याच कोपऱ्यात जाऊन बसलेली!

हे केवळ गैरसोयीचे असते, तर मी आपला वेळ घेतला नसता. मंडळाचे जुने अहवाल, नाटकांच्या नोंदी आणि दिवंगत सभासदांची यादी आपल्या एका माजी चिटणीसांनी पंचवीस वर्षांपूर्वी स्वतः टाइप करून ठेवली होती. ते आज हयात नाहीत. त्या काळी प्रत्येक मराठी सॉफ्टवेअरचे फॉन्ट निराळे असत, आणि ते चालण्यासाठी यंत्राला ‘डोंगल’ नावाचे एक कुलूप जोडावे लागे. स्मरणिकेचे काम ऐन भरात असताना एका रात्री संगणकाने आपली कार्यप्रणाली आपणहून बदलून घेतली. सकाळी त्याने ते डोंगल ओळखण्यासच नकार दिला. दुसऱ्या मार्गाने फाइली उघडल्या, तेव्हा देवनागरीच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसू लागली. कारण त्या जुन्या पद्धतीत देवनागरी अक्षरांना स्वतःचे क्रमांक नव्हते. रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसवलेले असत. फॉन्ट गेला की मराठीही गेली.

जुन्या आवृत्तीकडे परतण्याची मुदत असते, ती आम्हांला समजेपर्यंत उलटून गेली होती. मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचा प्रयत्न केला, तर रफार आणि जोडाक्षरे जागची हलली. अखेर आपल्या दोन भगिनींनी जुन्या छापील प्रती समोर ठेवून शब्दन्‌शब्द दुरुस्त केला. जिथे छापील प्रत नव्हती, तिथे वृद्ध सभासदांच्या स्मरणावर विसंबावे लागले. दिवंगतांच्या यादीतील तीन नावांविषयी आम्ही अजूनही निःशंक नाही. ती नावे ग्रंथात प्रश्नचिन्हासह छापावी लागतील, याची खंत मला आहे.

यात आमचाही दोष आहे, हे मान्य केले पाहिजे. वेळीच सारा मजकूर युनिकोडमध्ये उतरवला असता, तर ही वेळ आली नसती. शिवाय बदल म्हणजे वाईटच, असेही मी म्हणत नाही. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय अंगभूत आली, तीही नव्या आवृत्तीनेच आणली. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या उपद्रवी प्रोग्रॅमने जगभरच्या असंख्य संगणकांतील फाइली ओलीस धरल्या. ब्रिटनमधील रुग्णालयांचे कामकाजही विस्कळीत झाले. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती, पण अनेकांनी ती बसवून घेतली नव्हती. तेव्हा दुरुस्ती टाळणे हे शहाणपण नव्हे.

माझा आक्षेप दुरुस्तीला नाही, तिच्या आडून येणाऱ्या फेरबदलाला आहे. गळके छप्पर दुरुस्त करायला बोलावलेल्या गवंड्याने जाता जाता देवघर हलवावे आणि ओसरीवर दुसऱ्याच्या दुकानाची पाटी टांगावी, हे आपण चालवून घेऊ काय? मग यंत्राच्या बाबतीत का चालवून घ्यावे? आणि अशी घाई निर्दोष असते असेही नाही. ऑक्टोबर २०१८ मधील विंडोज १० च्या सुधारित आवृत्तीने काहींचे दस्तऐवजच पुसले, आणि तिचे वितरण थांबवावे लागले.

यावर कोणी म्हणेल, एवढ्या मोठ्या कंपन्यांपुढे आपण काय करणार? मला ही निराशा पटत नाही. २०१२ च्या विंडोज ८ मधून ‘स्टार्ट’ची खूण काढून टाकली गेली. लोकांनी तक्रारी केल्या, आणि पुढच्याच वर्षी ती परत आली. घरगुती आवृत्तीत अपडेट काही दिवस थांबवण्याची सोय नव्हती, ती २०१९ मध्ये मिळाली. पडद्याची चित्रे वरचेवर टिपून ठेवणारी ‘रिकॉल’ ही सोय मे २०२४ मध्ये जाहीर झाली. तिच्यावर इतकी टीका झाली, की ती लांबणीवर पडली आणि पुढे वापरणाऱ्याच्या संमतीवर सोपवण्यात आली. बोलणाऱ्यांचे ऐकले जाते. उशिरा ऐकले जाते, एवढेच.

मात्र सारेच ऐकले जाईल, अशा भ्रमातही राहू नये. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला विशिष्ट सुरक्षा-चिप आणि नवे प्रोसेसर लागतात, त्यामुळे धडधाकट चालणारी अनेक यंत्रेही अपात्र ठरली. वापरात असलेली वस्तू दुसऱ्याच्या निर्णयाने जुनी ठरते, ही गोष्ट आपल्यासारख्या वर्गणीवर चालणाऱ्या संस्थांना परवडणारी नाही.

म्हणून समारोप करताना मी एक ठराव मांडतो. मंडळाचा सर्व मजकूर युनिकोडमध्ये ठेवावा. त्याची एक प्रत संगणकाबाहेर आणि एक कागदावर असावी. सुरक्षेची दुरुस्ती वेळेवर घ्यावी, परंतु मोठा बदल महत्त्वाचे काम संपल्यावर आणि प्रत काढून झाल्यावरच करावा. आणि जे न विचारता लादले जाईल, त्याविषयी संबंधितांना लेखी कळवण्याचा आळस करू नये.

सूचक मी आहे. अनुमोदन आपण द्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.