पीळ दोराचा कीं कप्पीचा?

शिडाच्या नौकेंत बसलेल्या माणसाचें लक्ष वाऱ्याकडे असतें, पण त्याची सुरक्षितता असते हातांतल्या दोरावर. डोलकाठीच्या मागें शिडाच्या पायथ्याशीं जो आडवा दांडा असतो त्यास बूम म्हणतात. आणि त्या बूमला आंत ओढणारा किंवा बाहेर सोडणारा जो दोर, तो मेनशीट. वाऱ्याचा जोराचा झोत आला कीं हा दोर सोडावयाचा, म्हणजे शिडावरचा भार उतरतो व कललेली नौका सरळ होते. म्हणूनच लहान नौकेंत हा दोर पक्का बांधून ठेवूं नये, असा दर्यावर्दी लोकांचा जुना दंडक आहे. परंतु हातांतून सोडलेला दोर कप्प्यांत अडकला, तर तो बांधल्यासारखाच झाला. नौका उलटते ती अशा वेळीं.

कप्पी ही दिसावयास क्षुल्लक वस्तु. तरी ७४ तोफांच्या एका जुन्या युद्धनौकेस सुमारे १,००० कप्प्या लागत. ही गरज भागविण्यासाठीं इंग्लंडांतील पोर्ट्समथच्या गोदींत मार्क ब्रुनेल यानें योजलेलीं आणि हेन्री मॉडस्ले यानें घडविलेलीं यंत्रें बसविण्यांत आलीं. १८०८ सालीं त्यांवर १,३०,००० कप्प्या तयार झाल्या. मोठ्या जहाजावर एखादी कप्पी अडली तर तिच्याकडे धावणारे खलाशी पुष्कळ असत. लहान नौकेंत माणसें एक किंवा दोन, आणि शीड आवरणारी कप्प्यांची जोडी एकच. तेथें ती जोडी चुकून चालत नाहीं.

या जोडींतील वरची कप्पी बूमला आणि खालची नौकेला जडलेली असते. दोर दोहोंमधून चार पदरांनीं ओवला, तर घर्षण सोडून दिल्यास १०० किलोचा भार २५ किलोच्या ओढीनें पेलतो. मात्र हे चारहि पदर सुटे चालले पाहिजेत. कप्पी स्वतःभोंवतीं एकदां जरी फिरली, तरी पदर एकमेकांस वेढतात. दोरावर दोर घासतो, ओढण्यास अधिक बळ लागतें, आणि सोडलेला दोर सुटत नाहीं.

‘सुंभ जळेल पण पीळ जळणार नाहीं’ या म्हणीनें सारा दोष दोराच्या स्वभावावर टाकला आहे. येथें तो अर्धाच खरा. तीन पेडांच्या दोराचे पेड एकाच दिशेनें वळलेले असतात. भार पडतांच ते उलगडूं पाहतात आणि मोकळ्या कप्पीला फिरवितात. गोफासारख्या विणलेल्या हल्लींच्या दोरांत निम्मे धागे उजवीकडे व निम्मे डावीकडे वळलेले असल्यानें ही ओढ उरत नाहीं. पण असा दोरहि गोल वेटोळीं घालून ठेवला, तर प्रत्येक वेटोळ्यागणिक त्यांत पीळ भरतो. तो इंग्रजी आठाच्या आकृतींत घालून ठेवावा, म्हणजे एका फेऱ्याचा पीळ दुसऱ्यांत फिटतो. भरलेला पीळ काढण्याची युक्तीहि सोपी आहे. दोर कप्प्यांतून काढून एक टोंक नौकेस बांधावें व दुसरें मोकळें टोंक चालत्या नौकेमागें पाण्यांत सोडावें. तो आपोआप उलगडतो.

दोषाचा दुसरा अर्धा भाग कप्पीचा. ज्या श्रोत्यांच्या घरीं दोरांवर टांगलेला झोपाळा आहे, त्यांनीं मुलांना तो गरगर फिरवितांना पाहिलें असेल. दोर एकमेकांपासून जितके दूर, तितका तो फिरविण्यास जड. जितके जवळ आणि जितके लांब, तितका सोपा. बूम पुरता बाहेर सोडला असतां कप्प्यांमधील अंतर वाढतें, पदर लांबतात, आणि वारा मागून असल्यास ताणहि हलका असतो. तेवढ्यांत मोकळी कप्पी गिरकी घेते. पुढें बूम आंत ओढूं लागतांच तोच पीळ कप्पीच्या तोंडाशीं येऊन घट्ट बसतो.

उपाय यांतूनच निघतो. वरची कप्पी बूमला अशी जडावी कीं तिच्या चाकांची दिशा खालच्या चाकांशीं जुळेल. कडीमुळें ती आडवी पडत असेल, तर पाव फेरा वळविलेली कडी वापरावी. दोर ओवतांना एक पदर दुसऱ्यास ओलांडूं नये. अडचण एकच राहते: सुकाणूवाल्यास दोर कधीं डावीकडून, कधीं उजवीकडून ओढावा लागतो, म्हणून खालच्या कप्पीस भोंवरकडी लावण्याचा मोह होतो. पण मग ती पदरांनाहि फिरविते. त्याऐवजीं भार पेलणाऱ्या दोन्ही कप्प्या स्थिर ठेवाव्या, आणि दोर शेवटीं ज्या एकट्या कप्पींतून हातीं येतो, तिलाच फिरत्या बैठकीवर बसवावें. तिच्यांतून एकच पदर जात असल्यानें ती कितीहि वळली तरी गुंता होत नाहीं. कांहीं आधुनिक कप्प्यांत भोंवरकडी खिटीनें बंद करण्याची सोयहि असते.

हें सारें किनाऱ्यावरच पाहून घ्यावें. बूम हातानें पुरता बाहेर ढकलावा, पुन्हां आंत ओढावा, आणि चारहि पदर समांतर राहतात कीं नाहीं हें तपासावें. हलक्या हातानें ढकललेला बूम दोर न अडतां बाहेर गेला, तरच नौका पाण्यांत लोटण्यास हरकत नाहीं.