जुनी गाडी घेताना: आधी कागद, मग गाडी, आणि नाव आपलं

 

आमच्या बचत गटांच्या बैठकीत पूर्वी कर्जाची मागणी यायची ती बियाण्यासाठी, शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी, पोराच्या फीसाठी. अलीकडे आणखी एक मागणी येते. ताई हळूच म्हणतात, "जुनी गाडी घ्यायची होती." कुणाला मारुती व्हॅन हवी असते, कुणाला ऑल्टो, कुणाला वॅगनआर. यात हसण्यासारखं काही नाही. सासूबाईंना दर महिन्याला अकोल्याच्या दवाखान्यात न्यायचं असतं, भाजी बाजारात न्यायची असते, आणि संध्याकाळची एसटी गेली की गाव बंद होतं. म्हणून आज अमरावती-अकोल्याकडच्या आपल्या गटांसाठी हाच विषय घेतला आहे.

पहिला प्रश्न गाडीचा नाही, गरजेचा आहे. १७ मार्च २०२३ पासून आपल्याला एसटीत अर्धं तिकीट आहे. गावाहून अकोला येऊन-जाऊन ८० किलोमीटर धरा. जुनी गाडी लिटरला १५ किलोमीटर चालली तर पाच लिटरच्या वर पेट्रोल लागलं. महिन्यातून दोनदाच जायचं असेल, तर एसटीच बरी. जाणं वारंवार असेल, घरात आजारी माणूस असेल, किंवा गाडीमुळे धंद्याचे दोन पैसे वाढणार असतील, तर पुढचं ऐका.

आता हिशेब. समजा, साठवलेले आणि गटाचं कर्ज मिळून हाती एक लाख रुपये आहेत. तर एक लाखाची गाडी बघायची नाही. गाडी सत्तर हजारांपर्यंतचीच बघायची आणि तीस हजार बाजूला बांधून ठेवायचे. नावावर करण्याचा खर्च, विमा, बॅटरी, टायर, ऑइल, पट्टे हे सगळं पहिल्या दोन महिन्यांतच दारात उभं राहतं. गटाचं व्याज शेकडा दोन असेल तर पन्नास हजारांच्या कर्जाला पहिल्या महिन्याचं व्याजच हजार रुपये होतं. त्यात गाडी बिघडून अंगणात उभी राहिली, तर हप्ता कशातून भरणार?

गाडी कोणती घ्यावी? जिचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात आणि जी आपला मिस्त्री डोळे मिटून उघडतो, ती. मारुती ८०० बनणं २०१४ साली बंद झालं, ओम्नी २०१९ साली. पण त्यांची कामं करणारे मिस्त्री मूर्तिजापूरलाही आहेत आणि परतवाड्यालाही. मोठी, दिमाखाची गाडी स्वस्तात मिळते तेव्हा तिचा एक भाग आपल्या तीन हप्त्यांएवढा पडू शकतो.

गाडी बघायला जाण्याआधी कागद बघा. आरसीचा फोटो मागवा. एमएच २७ म्हणजे अमरावती, एमएच ३० म्हणजे अकोला. विकणाऱ्याचं नाव आणि आरसीवरचं नाव एकच आहे का? नसेल तर तिथेच थांबा. दलाल म्हणेल, "मालकाच्या सह्या कोऱ्या फॉर्मवर घेऊन ठेवल्या आहेत, काळजी नको." काळजी त्याचीच करायची. खरा मालक समोर आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

आरसीवर बँकेचा बोजा लिहिलेला आहे का, ते पाहा. असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हवा. "कर्ज फिटलं आहे" हे तोंडी चालत नाही. मग आरसी कधीपर्यंत वैध आहे ते पाहा. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत गाडी तपासून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या कारची ही फी पाच हजार रुपये झाली, शिवाय पर्यावरण कर वेगळा. १४ वर्षांची गाडी स्वस्त का मिळते, ते आता लक्षात आलं असेल. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली आहे का, तेही बघा.

मध्य प्रदेशची किंवा दिल्लीची गाडी फार स्वस्त सांगतात. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर न्यायालयाने बंधनं घातली, म्हणून तिकडच्या गाड्या इकडे येतात. पण तिथल्या आरटीओचं ना-हरकत, म्हणजे फॉर्म २८, आणि महाराष्ट्राचा कर भरल्याशिवाय ती आपली होत नाही. हा खर्च धरला की स्वस्ताई उरत नाही. जुने दंडही तपासा. एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून गावातली शिकलेली पोरगी सुद्धा हे बघून देईल. दंड निघाला तर तो जुन्या मालकाने भरायचा.

कागद पटले की मग गाडी. सकाळी जा, आणि आधीच सांगून ठेवा की गाडी सुरू करून ठेवू नका. गेल्यावर बोनेटला हात लावा. गरम लागलं तर समजा, थंडीत सुरू व्हायला ती कुरकुरते. धूर निळा निघाला तर इंजिन ऑइल खातं. पांढरा धूर थांबतच नसेल, तर आत पाणी जातं. ऑइलचं झाकण उघडा. आत दुधाच्या चहासारखा थर दिसला तर गाडी तिथेच ठेवा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. आपल्याकडच्या उन्हात टायर नुसता उभा राहूनही तडकतो. नक्षी चांगली दिसली तरी हे आकडे वाचा.

आता आपल्या मातीची गोष्ट. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर हा पूर्णेचा खारपाणपट्टा. ज्या बोरच्या पाण्याने डाळ शिजत नाही, त्याच पाण्याने गाडी वर्षानुवर्षं धुतली, तर तिचा पत्रा खालून खातो. तेच पाणी रेडिएटरमध्ये ओतलं, तर आत खार बसतो आणि मे महिन्यात गाडी उकळते. वरून रंग कितीही चकचकीत असो, गाडी जॅकवर किंवा रॅम्पवर चढवून खालून बघा. पेचकसाने टोचल्यावर पत्रा भुसभुशीत लागला तर नको. दुसरं, जुलै २०२१ मध्ये अकोल्यात मोर्णेचं पाणी वस्त्यांत शिरलं होतं. पाण्यात बुडालेली गाडी धुऊन-पुसून विकली जाते. पायाखालचं मॅटिंग उचला, सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढा. पट्ट्याच्या आतल्या टोकाला चिखलाचा डाग दिसला, की तिची गोष्ट कळली.

मिस्त्री आपला न्या, विकणाऱ्याने बोलावलेला नको. त्याला त्याची मजुरी द्या; ती वाया जात नाही.

व्हॅनमध्ये गॅस किट असेल, तर ते आरसीवर नोंदवलेलं हवं. सीएनजीची टाकी दर तीन वर्षांनी तपासावी लागते, तिचा दाखला मागा. घरच्या सिलिंडरचा गॅस गाडीत भरणं म्हणजे लेकराबाळांना पेटीत आगकाडी देऊन बसवणं. आणि पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीत भाड्याने माणसं नेऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. वाहतुकीचा धंदाच करायचा असेल, तर पिवळी प्लेट आणि परवाना लागतो. बचत गटांसाठी २०१७ साली आजीविका ग्रामीण एक्सप्रेस नावाची योजनाच निघाली होती. उमेदच्या तालुका कार्यालयात त्याबद्दल विचारा.

आता शेवटची आणि सगळ्यात मोठी गोष्ट. आमच्या भागातल्या एका ताईंनी गटाचं कर्ज काढून व्हॅन घेतली. कागद दिराच्या नावावर झाला, कारण आरटीओत तो गेला होता. दोन वर्षांनी ताईंचे मालक वारले. तेराव्यानंतर दीर व्हॅन घेऊन गेला. "कागद माझा आहे," एवढंच बोलला. कर्ज मात्र ताईंच्या नावावर होतं. सोयाबीन खुडून त्यांनी राहिलेले हप्ते भरले. बैठकीत त्या एकदाच बोलल्या: "सही माझी होती, गाडी माझी नव्हती."

म्हणून, बायांनो, ज्या बाईच्या नावावर कर्ज, तिच्याच नावावर गाडी. तिला चालवता येत नसलं तरी चालतं. मालक व्हायला लायसन लागत नाही, चालवणाऱ्याला लागतं. फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याची सही आपल्यासमोर घ्या. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं, असा १९८८ चा मोटार वाहन कायदा सांगतो. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा. आपली गाडी विकताना हीच काळजी उलटी घ्या. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे, की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईसाठी तोच मालक धरला जातो, गाडी पुढे कितीही हातांत गेलेली असो.

गटांना आमची एक विनंती. गाडीसाठी कर्ज देताना ठराव वहीत तीन ओळी लिहा: कागद कुणी तपासले, मिस्त्री कोण होता, आणि आरसी कुणाच्या नावावर होणार. नाव चढलेल्या आरसीची झेरॉक्स पुढच्या बैठकीत फाइलला लावा. ताईवर विश्वास नाही म्हणून हे करायचं नाही. उद्या कुणी तिच्या दारातून गाडी काढायला आलं, तर तिच्या हातात कागद असावा, म्हणून करायचं.

पुढच्या भागात गाडीचा आणि घरातल्या माणसांचा विमा यावर बोलू. तुमचे प्रश्न गटाच्या सचिवांकडे लिहून द्या.