दुखत नाही तोवरच तपासून घ्या



पिकावर कीड दिसली की आपण पीक वाळायची वाट पाहत नाही. लगेच औषध मारतो. मग घरातल्या बाईचे दुखणेच अंगावर काढायची रीत का?

आज गर्भाशयाच्या, म्हणजे आपल्या बोलीत पिशवीच्या, तोंडाच्या कर्करोगाविषयी बोलू. आपल्या देशात दर वर्षी सुमारे सव्वा लाख स्त्रियांना हा रोग होतो आणि ७५,००० हून अधिक स्त्रिया त्याने दगावतात. ऐन संसाराच्या वयात आई जाते, मुले उघडी पडतात. आणि हा रोग तर वेळीच अडवता येतो!

हा रोग एका विषाणूमुळे होतो. तो शरीरसंबंधातून येतो आणि बहुधा आपोआप निघून जातो. काहींच्या अंगात मात्र तो ठाण मांडतो आणि दहा-पंधरा वर्षांत हळूहळू बिघाड करतो. या काळात काही दुखत नाही, खुपत नाही. म्हणून ‘मला काय धाड भरलीय?’ म्हणणाऱ्या बाईनेच तपासून घ्यायचे. यात कुणाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही. संसार करणाऱ्या कोणत्याही बाईला हा रोग होऊ शकतो. तांबी बसवली असो की कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली असो, तपासणी हवीच.

तपासणी सोपी आहे. पिशवीच्या तोंडाला पातळ आम्ल कापसाने लावतात. मिनिटभराने बिघडलेला भाग पांढरा दिसतो. चिरफाड नाही, भूल नाही. सुरुवातीचा बिघाड बहुधा तेवढाच भाग गोठवून नाहीसा करता येतो, पिशवी काढावी लागत नाही. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीने दर ५ वर्षांनी ही तपासणी करून घ्यावी.

याचा पडताळा आपल्याच मुलखात आला आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातील खेड्यांत १९९९ पासून १,३१,००० हून अधिक स्त्रियांची पाहणी झाली. ज्यांची विषाणूसाठी एकदाच तपासणी झाली, त्यांच्यात या रोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्यांच्या मानाने जवळजवळ निम्मे झाले. हा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला.

संबंधानंतर, दोन पाळ्यांच्या मधे किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसले, अंगावरून घाण वासाचे पाणी गेले, तर मात्र पाच वर्षांचा हिशेब करू नका. त्याच आठवड्यात दवाखाना गाठा.

तुम्ही म्हणाल, ‘तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट, पण एस.टी.चे भाडे? बुडालेली मजुरी?’ खरे आहे. त्यासाठी बचत गटाने दरमहा थोडी रक्कम बाजूला टाकावी. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला १० टक्के पैसा महिला व बालकल्याणासाठी खर्चायचा असतो. त्यातून तपासणीच्या दिवशी गाडीची सोय व्हावी, अशी मागणी ग्रामसभेत करा. मागायला लाजू नका.

बंधूंनो, तुम्हीही बाजूला राहू नका. कारभारणीला ‘चल, मी येतो बरोबर’ म्हणा. त्या दिवशी चूल आणि गोठा तुम्ही सांभाळा. घरात ९ ते १४ वर्षांची मुलगी असेल तर या विषाणूवरील लसीची चौकशी प्राथमिक आरोग्य केंद्रात करा. आशाताईंना, नर्सबाईंना विचारा.

एक दिवस दवाखान्याला द्या, पुढची वर्षे संसाराला मिळतील!