सिद्दी स्त्रियांची कवंदी

जुनेर वस्त्रांना गोधडीच्या रूपाने दुसरा जन्म देण्याची रीत दख्खनच्या घरोघरी आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत राहणाऱ्या सिद्दी स्त्रियाही अशीच गोधडी शिवतात. तिला त्या ‘कवंदी’ म्हणतात.

सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतले. पोर्तुगीजांनी त्यांपैकी अनेकांना गुलाम करून गोव्यात आणले. त्यांतले कित्येक तेथून निसटले आणि घाटावरच्या रानांत त्यांनी आसरा घेतला. त्यांच्या वंशजांत हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत आणि मुसलमानही आहेत. त्यांची घरची बोली कोकणी; तीत मराठी आणि कानडी शब्द सहज मिसळलेले. शतकानुशतके येथे नांदूनही त्यांचा चेहरा पाहताच परका माणूस विचारतो, “तुम्ही कोठले?”

कवंदीची शिवण पाहण्यासारखी असते. तळाला जुने सुती लुगडे अंथरतात. त्यावर विरलेल्या सदऱ्यांचे, परकरांचे, झबल्यांचे तुकडे मांडतात. धावदोरा कोपऱ्यापासून निघतो, कडेकडेने फिरत आत सरकतो आणि अखेर मध्यावर येऊन थांबतो. ख्रिस्ती घरच्या कवंदीवर कधी क्रूस उमटतो, मुसलमान घरच्या कवंदीवर चंद्रकोर. तान्ह्या मुलासाठी शिवलेली कवंदी विशेष रंगीबेरंगी असते. मात्र धर्म कोणताही असो, चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या घालून बसविलेली त्रिकोणी ‘फुले’ हवीतच. फुलांवाचून कवंदी उघडीनागडी दिसते, अशी या स्त्रियांची समजूत आहे.

या रंगयोजनेत काही अभ्यासकांना आफ्रिकेतील वस्त्रकलेची आठवण होते. तसे असेलही. परंतु लुगडे या मुलखातले आहे आणि ‘कवंदी’ हा शब्दही कानडी ‘कौदी’चा सख्खा शेजारी आहे. जे हाती आले ते घेऊन या स्त्रियांनी मांडणी मात्र आपली केली.

2003 साली या जिल्ह्यातील सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. शिक्षण आणि नोकरी यांसाठी ते न्याय्यच होते. तरीही दाखल्यावरच्या एका शब्दात न मावणारे पुष्कळ काही कवंदीत मावते. तीत कोणताच जोड लपविलेला नसतो. थंडीच्या रात्री तिच्याखाली निजणारे मूल आजीचे लुगडे कोणते आणि बापाचा सदरा कोणता, हे बोट ठेवून सांगू शकते. आपण कोठले, हे त्याला तेथेच कळू लागते.