खेळाडूचे मोल आणि गुरुजींचे वेतन
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



गतवर्षी याच सभागृहात, याच व्यासपीठावर आपण दोन सत्कार केले. आपल्या ज्ञातीतील एका तरुणाची व्यावसायिक कबड्डी संघात निवड झाली, म्हणून त्यास ५१,००० रुपयांची थैली अर्पण केली. आणि आपल्याच विद्यालयात ३१ वर्षे गणित शिकवून निवृत्त झालेल्या गुरुजींना शाल व श्रीफळ दिले. टाळ्या दोघांसही पडल्या. आम्ही पुढच्याच रांगेत होतो. टाळ्यांत काही उणेअधिक आम्हांस तरी जाणवले नाही. परंतु समारंभ आटोपून जिना उतरत असता विद्यालयातील एका तरुण शिक्षकाने आम्हांस थांबविले आणि विचारले, "सर, आपण आयुष्यभर खडू हातात धरलात. खेळणाऱ्याला थैली आणि शिकवणाऱ्याला नारळ, हे असे का?" त्या वेळी काहीतरी थातुरमातुर उत्तर देऊन आम्ही वाट काढली. पण प्रश्न काही वाट सोडीना. आज कार्यकारी मंडळाने चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा दुसरा विषय सुचला नाही.

या प्रश्नाचे एक उत्तर आपणा सर्वांच्या जिभेवर तयारच असते. समाजाला गुरूची चाड राहिली नाही, तमाशाला गर्दी आणि कीर्तनाला चार डोकी, कलियुग दुसरे काय! हे उत्तर बोलावयास सोपे व ऐकावयास गोड आहे. आम्हीही ते अनेकदा दिलेले आहे. तथापि थोडे अंकगणित मांडून पाहिले, तेव्हा आमचा त्यावरील विश्वास डळमळला.

क्रिकेटच्या आय.पी.एल. स्पर्धेत १० संघ आहेत. २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघास खेळाडूंवर जास्तीत जास्त १२० कोटी रुपये खर्चण्याची मुभा होती. म्हणजे सर्वांचे मिळून १,२०० कोटी. रिषभ पंत या एकट्या खेळाडूस २०२४ च्या लिलावात २७ कोटींची बोली लागली, हे आपण वाचलेच असेल. आता क्षणभर कल्पना करा की, हे सारे १,२०० कोटी आपण हिसकावून घेतले आणि महाराष्ट्रातील शिक्षकांस वाटून टाकले. शिक्षकांची संख्या सात लाख धरली, तर प्रत्येकाच्या पदरी वर्षाकाठी सुमारे १७,००० रुपये, म्हणजे महिन्यास १,४०० रुपये पडतील. मोटारसायकलच्या पेट्रोलास कदाचित पुरतील! उलट त्याच सात लाखांस सरासरी ४०,००० रुपये मासिक वेतन मिळते असे धरले, तर वर्षाचा आकडा ३३,६०० कोटी होतो. म्हणजे त्या लिलावाच्या अठ्ठावीस पट, आणि तोही एकट्या महाराष्ट्राचा. तेव्हा समाज क्रिकेटवर उधळतो आणि शिक्षणावर कवडी टाकीत नाही, हे म्हणणे टिकत नाही. ताट मोठे शिक्षकांचेच आहे; मात्र त्यास जेवणारे सात लाख, आणि त्या दुसऱ्या ताटास जेवणारे जेमतेम अडीचशे.

पण अडीचशेच जणांसाठी एवढे ताट वाढले कोणी? येथे आम्हांस कबड्डीचे उदाहरण सर्वांत बोलके वाटते, कारण तो आपल्या मातीतला खेळ. हुतुतू म्हणून आपल्यापैकी कित्येकांनी तो अंगणात खेळला असेल. वर्षानुवर्षे कबड्डीपटूची कमाल महत्त्वाकांक्षा कोणती होती? खेळाच्या बळावर रेल्वेत, पोलिसांत किंवा एखाद्या बँकेत चिकटावे, ही. २०१४ साली प्रो कबड्डी स्पर्धा दूरचित्रवाणीसाठी सुरू झाली. त्या वर्षीच्या लिलावात सर्वाधिक बोली राकेश कुमार यांना लागली, १२ लाख ८० हजारांची. २०२३ साली पवन सेहरावत यांना २ कोटी ६० लाखांहून अधिक मिळाले. नऊ वर्षांत चढाईची रीत वीसपट सुधारली काय? दम तोच, पकड तीच, घाम तोच. पालटले ते एवढेच की, पूर्वी मैदानाकाठी दोन हजार माणसे पाहत, ती आता घरोघरी पाहू लागली.

क्रिकेटचीही कहाणी निराळी नाही. १९८३ साली आपण विश्वचषक जिंकला, तेव्हा खेळाडूंना बक्षीस देण्याइतके द्रव्य क्रिकेट मंडळाच्या गाठी नव्हते. लता मंगेशकर यांनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला, त्यातून प्रत्येकास एक लाख रुपये मिळाले. १९९३ च्या सुमारास सामना दाखविण्याचे हक्क खाजगी वाहिन्यांस विकता येऊ लागले आणि चक्र फिरले. आज २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे आय.पी.एल.चे प्रक्षेपणहक्क ४८,३९० कोटींना विकले गेलेले आहेत. ४१० सामने धरून हिशेब केला, तर एका सामन्यास ११८ कोटी. एका सामन्यात फार तर २४० चेंडू, म्हणजे चेंडूमागे ४९ लाख. आम्ही गणिताचे शिक्षक असल्याने हा भागाकार तीनदा करून पाहिला.

आता शिक्षकाकडे पाहा. खेळाडूस एक लाखाने पाहिले काय आणि दहा कोटींनी पाहिले काय, त्याचा फटका तितकाच चांगला राहतो. शिक्षकाचे तसे नाही. ३० मुलांच्या जागी ९० बसविली की त्याचे शिकविणे तेवढे पातळ होते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण घातले, ते याच कारणाने. बंडूला वजाबाकीतील हातचा का समजत नाही, हे ज्यास पाहावयाचे आहे, त्याने बंडूच्या पाटीवर वाकले पाहिजे. आणि एका वेळी कोट्यवधी पाट्यांवर वाकता येत नाही. ज्यांचे शिकविणे भ्रमणध्वनीवरून लाखो विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचले, असे काही शिक्षक अलीकडे कोट्यधीश झाले आहेत. त्यांस आम्ही नावे ठेवीत नाही. पण बंडू तेथेही मागच्याच बाकावर आहे.

दुसरी गोष्ट बोलीची. खेळाडूसाठी दहा धनी एकमेकांवर चढाओढ करतात. ही चढाओढ नियमाने बंद केली, की गर्दी कितीही असो, खेळाडूची मिळकत बसते. इंग्लंडात १९६१ च्या जानेवारीपर्यंत फुटबॉलपटूस आठवड्यास २० पौंडांहून अधिक द्यावयाचे नाही, असा दंडकच होता. तो उठताच फुलहॅमच्या जॉनी हेन्स यांस १०० पौंड मिळू लागले. शिक्षकाचा धनी बहुधा एकच, शासन. आणि एकच गिऱ्हाईक असले की भाव गिऱ्हाइकाचा. २००० साली सुरू झालेल्या शिक्षणसेवक योजनेत नवा शिक्षक पहिली तीन वर्षे मानधनावर राबतो. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन ६,००० रुपये होते, ते २०२३ साली १६,००० झाले. सातवा वेतन आयोग लागू झालेला कायम शिक्षक आज उपाशी नाही, हेही येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. हाल आहेत ते मानधनावरच्यांचे, तासिका तत्त्वावरच्यांचे आणि विनाअनुदानित शाळांतल्यांचे.

आणि खेळाडूंचे तरी सर्वांचे कोठे फावते? खाशाबा जाधव यांचे नाव येथे घेतल्यावाचून आमच्याने राहवत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यास पैसे नव्हते. गावोगाव वर्गणी झाली, तरी रक्कम अपुरी पडली, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर त्यांनी कुस्त्यांचे फड भरविले आणि आलेल्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडविले. पुढे १९५५ साली ते पोलीस खात्यात लागले, आणि निवृत्तिवेतनासाठी खेटे घालण्याची पाळी त्यांजवर आली. १९८४ साली अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला, तो मरणोत्तर. शिक्षकाने घर गहाण टाकावे आणि खेळाडूने ते कुस्ती लढून सोडवावे! या दोघांत अधिक कोण मिळवीत होता, हा प्रश्न त्या वेळी कोणास सुचला नसता.

म्हणूनच, ज्या पालकांनी मुलाची दहावी सोडवून त्यास क्रिकेटच्या अकादमीत घातले आहे, आणि असे दोघे-तिघे आज समोर बसले आहेत, त्यांना आमची विनंती आहे की, अडीचशे आसनांकडे पाहताना मैदानावर पांढऱ्या कपड्यांत उन्हात उभी असलेली हजारो मुलेही मोजावी. मुलास अवश्य खेळू द्यावे. दहावीही होऊ द्यावी.

आता आपल्या घरचे बोलतो. थोडे अप्रिय आहे. खेळाडूचा भाव बाजार ठरवितो, शासकीय शिक्षकाचा शासन ठरविते. पण आपल्या विद्यालयाच्या विनाअनुदानित तुकड्यांवरील सहा शिक्षकांचे वेतन कोण ठरविते? तेथे ना वाहिनी, ना लिलाव, ना मंत्रालय. ते आपण, या सभागृहात बसलेली मंडळी ठरवितो, आणि आपण ते ९,००० रुपये ठरविले आहे. ज्या तरुणाने जिन्यावर आम्हांस प्रश्न विचारला, तो त्या सहांपैकी एक होता. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो रुजू झाला नाही. शहरातील एका शिकवणी वर्गात गेला. आठवीच्या तुकडीस तेव्हापासून गणिताला कायमचा शिक्षक नाही, आणि आठवड्यातून तीन दिवस आम्ही स्वतः तेथे जाऊन येतो. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी जिना चढवत नाही, पण मुले हुशार आहेत.

सत्कारनिधीत आज जी शिल्लक आहे, तिचे व्याज व सभासद-वर्गणीत वार्षिक ३०० रुपयांची वाढ, एवढ्यावर या सहा जणांचे वेतन १८,००० रुपयांपर्यंत नेता येते. हिशेबाचा कागद आम्ही खजिनदारांकडे दिलेला आहे. त्यांनी तो तपासला असून एका ठिकाणची आमची बेरजेची चूकही दाखविली आहे. ठराव आजच्या सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत सातव्या क्रमांकावर आहे. भोजन आठव्या क्रमांकावर आहे, याची आम्ही आधीच खात्री करून घेतली आहे.