नोंदीचा कायमचा क्रमांक



रत्नागिरीहून समुद्रकाठाने गणपतीपुळ्याकडे निघाले, की आरे आणि वारे ही गावे लागतात. समजा, शाळेतल्या मुलांना आरे गावाचा इतिहास लिहायचा आहे. संगणकावर नुसते 'आरे' म्हणून शोधले, तर पुढ्यात येते मुंबईची आरे दुग्धवसाहत! नाव एक, ठिकाणे दोन. बरे, जिल्हा सांगावा, तर जिल्हेही बदलतात. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा झाला. त्याआधीच्या कागदात मालवण रत्नागिरी जिल्ह्यातच सापडायचे.

म्हणून नोंद ओळखायची ती क्रमांकावरून. गुरुजींना हे ठाऊकच आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलाला एकदा नंबर पडला, की मूल शाळा सोडून गेले तरी तो दुसऱ्याला देत नाहीत. पन्नास वर्षांनी दाखला लागला, तरी त्याच नंबरावर पान उघडते.

जमिनीचे मात्र असे सरळ नाही. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानंतर पुष्कळ गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजोबांच्या खरेदीखतावर एक आकडा, नातवाच्या सातबाऱ्यावर दुसरा. दोहोंची जोड लागली नाही, तर हक्क सांगायचा कसा? २०२१ पासून जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला चौदा अंकी भू-आधार क्रमांक देण्याची योजना देशात सुरू झाली. पण जुन्या कागदावर तो नाही. तेव्हा जुना नंबरही जपायलाच हवा.

इतिहासाच्या नोंदी आता संगणकावर येत आहेत. तिथला पत्ता आज असतो, उद्या बदलतो. यावर उपाय म्हणून डीओआय नावाचे कायमचे क्रमांक निघाले. ते सारे '१०' या आकड्याने सुरू होतात. क्रमांकापुढे नोंदीचा पत्ता एका नोंदवहीत लिहिलेला असतो. नोंद दुसरीकडे हलली, की वहीतला पत्ता बदलायचा, क्रमांक तोच. चाकरमानी परळहून बोरिवलीस गेला, तरी पोस्टात नवा पत्ता कळवला की पत्र पोहोचते ना? तसेच हे. मात्र पत्ता कळवायचाच राहिला, तर पत्र परत! क्रमांक कायम राहतो तो वही सांभाळणाऱ्या माणसांमुळे.

तेव्हा गावाचा इतिहास लिहिताना 'जुन्या दप्तरात आहे' एवढ्यावर थांबू नका. कागद कोणत्या कचेरीत, कोणत्या क्रमांकाचा, कधी पाहिला, हे लिहा. नवा नंबर आला तर तो जुन्याशेजारी मांडा. जुना खोडू नका. मागून येणाऱ्याला तुमचे म्हणणे पडताळून पाहता आले पाहिजे.