स्मृतिभ्रंशाचे आजारपण आणि अंथरुणाची लाज

(ज्ञातिमंडळाच्या धर्माबाद येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, वधूवरांचा परिचय आणि मंडळाचा जमाखर्च या विषयांवर संमेलनात बोलण्याची आपली रीत आहे. आज आम्ही जो विषय घेतला आहे, तो चारचौघांत उच्चारण्याजोगा नव्हे, असे कित्येकांस वाटेल. फळ्यापुढे उभे राहण्यात आयुष्य गेले, तरी हे बोलताना आमचीही जीभ अडखळते. परंतु या दुखण्याचा निम्मा भार लाजेचाच असतो, असा आमचा अनुभव असल्यामुळे ती लाज आम्ही आज बाजूस ठेवीत आहोत.

आमच्या पत्नीस स्मृतिभ्रंशाचा विकार जडून पाच वर्षे झाली. प्रथम ती भाजीत मीठ घालावयाचे विसरू लागली, पुढे नातवंडांची नावे गेली, आणि गेल्या दोन वर्षांपासून तिला लघवीचे भान राहत नाही. विसरण्याला आपण म्हातारपण म्हणून क्षमा करतो. ओल्या अंथरुणाला मात्र क्षमा करीत नाही. आम्हीही केली नाही. 'मुद्दाम करतेस' असे बोल आम्ही तिला लावले. शेजारी जागे होण्यापूर्वी वाकळी धुऊन टाकू लागलो. लग्नकार्याची आमंत्रणे टाळू लागलो. अखेरीस एक युक्ती काढली, तिचा पश्चात्ताप आम्हांस आजही होतो. दुपारी चारनंतर तिला पाणी देणेच आम्ही बंद केले.

वैशाखाचे दिवस होते. धर्माबादचा उन्हाळा आपणांस सांगावयास नको. बिचारीला पाणी मागण्याचेही सुचत नव्हते. आठ-दहा दिवसांत अंथरूण कोरडे राहण्याऐवजी अधिकच ओले होऊ लागले, ताप भरला, रात्री घामाने कपडे भिजू लागले आणि ती आम्हांस ओळखेनाशी झाली. नांदेडास नेले, तेव्हा डॉक्टरांनी लघवी तपासून मूत्रमार्गात जंतुसंसर्ग झाल्याचे सांगितले. पाणी कमी पडल्याने लघवी दाट होते आणि अशा संसर्गास वाव मिळतो, हेही त्यांनीच समजावले. औषधाने ती सावरली. पैठणच्या एकनाथमहाराजांनी काशीहून आणलेले गंगोदक तहानलेल्या गाढवाच्या मुखी घातले, ही कथा आम्ही मुलांस किती वेळा सांगितली असेल! त्याच गोदावरीच्या आसऱ्याने राहणाऱ्या आम्ही घरच्या माणसास तहानलेले ठेवले.

हा विकार म्हणजे वेड नव्हे, आणि कोणाच्या पापाचे फळही नव्हे. त्याचा सर्वांत अधिक आढळणारा प्रकार जर्मनीतील डॉक्टर आलोइस अल्झायमर यांच्या नावाने ओळखला जातो. ज्या रुग्ण स्त्रीचे वर्णन त्यांनी १९०६ साली प्रथम मांडले, तिचा पती रेल्वेत नोकरीस होता. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार भारतात साठ वर्षांवरील दर शंभर माणसांमागे सुमारे सात जणांस स्मृतिभ्रंश आहे. हा आकडा सुमारे ८८ लाखांवर जातो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत व शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण अधिक आहे. विद्येमुळेही कोणी यातून सुटत नाही. 'अस्तु' या मराठी चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी रंगविलेले संस्कृत पंडितही अखेर बालकासारखे होतात.

मूत्राशय भरले की त्याचा निरोप मेंदूकडे जातो. या विकारात त्या निरोपाचा अर्थ लागत नाही. लागला तर मोरी कोठे आहे हे आठवत नाही. आणि तेथवर पोहोचले तर नाडीची गाठ सुटत नाही. यात हट्ट कोठे आला? म्हणून आम्ही पुढील नियम ठेवले आहेत.

दिवसा दर दोन तासांनी, तसेच चहानंतर, जेवणानंतर व निजण्यापूर्वी तिला मोरीवर नेतो. 'लागली आहे का?' असे विचारीत नाही. 'चल, जरा जाऊन येऊ' असे म्हणतो. ती पदर चाळवू लागली किंवा उगीच येरझारा घालू लागली, की वेळ झाली असे समजतो. वाटेत रात्रभर दिवा ठेवतो. साडीऐवजी सैल झगा घालतो. गादीवर मेणकापड, त्यावर वाकळ, पुन्हा मेणकापड व पुन्हा वाकळ असे दोन थर घालतो, म्हणजे मध्यरात्री वरचा थर काढला की खाली कोरडे अंथरूण तयार असते. अंग कोमट पाण्याने धुऊन, न घासता टिपून कोरडे करतो, कारण ओली कातडी लवकर फाटते. पाणी दिवसभर भरपूर देतो. सायंकाळी चहा तेवढा वगळतो. शौचास साफ होते की नाही, इकडेही लक्ष ठेवतो, कारण बद्धकोष्ठाचा दाब मूत्राशयावर पडतो.

हा त्रास एकाएकी सुरू झाला किंवा वाढला, तर 'आजारच तसा' म्हणून स्वस्थ बसू नये. जंतुसंसर्ग, मधुमेह, रक्तदाबावरील लघवीच्या गोळ्या, पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथीची वाढ, अशी उपाय असलेली कारणे पुष्कळदा निघतात. तसेच पहाटे कपडे ओले दिसले, तर ती लघवी की घाम, हे पाहावे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्या माणसास थंड घाम सुटला, तर रक्तातील साखर उतरलेली असू शकते. शुद्धीवर असून गिळता येत असेल तर लगेच साखरपाणी द्यावे आणि डॉक्टरांस कळवावे. ताप किंवा एखादे औषधही घामाचे कारण असू शकते.

आता थोडे पुरुषवर्गास. पत्नीची वस्त्रे धुणे हे पुरुषाचे काम नव्हे, असे आम्हांस एका आप्ताने ऐकविले. आपल्या घरांतील स्त्रियांनी पतीचे, सासूसासऱ्यांचे हेच काम पिढ्यान्‌पिढ्या केले. त्यावर कधी कोणी भाषण केले नाही. आमचे भाषण होत आहे, ते केवळ आम्ही पुरुष आहोत म्हणून, हे आम्ही जाणतो. सोवळ्याच्या नावाखाली अशा माणसास देवघरापासून दूर ठेवण्याची चूकही आम्ही केली होती. आता स्नान घालून तिला रोज समईपुढे बसवितो. तिला आरतीचे शब्द आठवत नाहीत, परंतु टाळ्या बरोबर पडतात.

मंडळास एक विनंती आहे. लग्नकार्यासाठी आपण भांडी आणि सतरंज्या देतो. त्यांच्याबरोबर दोन कमोडच्या खुर्च्या व काही मेणकापडे ठेवावीत. अशा घरी आठवड्यातून एकदा तासभर कोणी बसले, तर सांभाळणाऱ्यास झोप मिळेल. सल्ल्यासाठी सरकारने ज्येष्ठांकरिता १४५६७ आणि मानसिक आरोग्याकरिता १४४१६ हे दूरध्वनी चालविले आहेत, ते टिपून घ्यावेत.

आता आमच्या वाकळी दिवसाउजेडी अंगणात वाळतात. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्या पाहाव्यात, आणि ज्यांच्या घरी असेच आजारपण असेल, त्यांनी आमच्याकडे येऊन दोन शब्द बोलावेत. आमच्या पत्नीच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरलेला असतो.